स्केट्स चावतायत? दुखतं तिथे कापूस ठेवायच्या आधी हे वाचा

मोरगावातली नऊ वर्षांची एक मुलगी, नात्यानं माझी भाची. दर शनिवारी-रविवारी दाजींच्या गाडीवर मागे बसून बारामतीला स्केटिंगच्या क्लासला जायची. पस्तीसेक किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. दोन महिने हौसेनं गेली आणि मग नेमकं शनिवारी सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. पुढच्या शनिवारीही दुखलं. तिसऱ्या वेळी ताईनं तिचे मोजे काढून बघितले, तर डाव्या पायाच्या आतल्या घोट्यावर नाण्याएवढा लालभडक डाग आणि दोन्ही टाचांना फोड. पोटाला काहीच झालं नव्हतं. स्केट्स महागाचे आहेत हे घरात इतक्यांदा बोललं गेलं होतं, की पोरगी गप्प बसली होती.

मग घरगुती उपाय सुरू झाले. घोट्यावर कापसाची घडी ठेवली, त्यानं जास्त दुखलं. दोन-दोन मोजे घातले, फोड वाढले. शेवटी ताईनं मला फोन केला, कारण 'तू इंटरनेटवर लिहितेस, शोध की काहीतरी'.

शोधलं. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट आधीच सांगते. स्केट जिथे दुखतो तिथे काही ठेवायचं नसतं, तिथलं काढायचं असतं. भर घालायचीच झाली तर ती दुखऱ्या जागेच्या भोवती घालायची.

साधा बूट चावणं आणि स्केट चावणं यात फरक काय?

नवी चप्पल चावते, आपण तेल लावतो, दोन दिवस घरात घालून फिरतो, चामडं सैलावतं आणि विषय संपतो. पालखीला निघालेला वारकरी नवी कोरी चप्पल घालून निघत नाही, तो याच कारणानं. चप्पल आधी पायाची व्हावी लागते.

स्केटचा बूट मात्र सैलावण्यासाठी बनवलेलाच नसतो. आइस हॉकीचा बूट हातात घेऊन बाजूनं दाबून बघा, दाबला जात नाही. खेळाडू वेगात येऊन एका पायावर भार टाकून वळतो, तेव्हा घोटा लटपटला तर ताकद खालच्या पात्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय समोरून कडक रबराची चकती, म्हणजे पक, येऊन पायावर आदळू शकतो. म्हणून बुटाचं कवच कडक ठेवतात. आतलं अस्तर पातळ असतं. पायाचं एखादं हाड जरा बाहेर आलेलं असेल तर ते थेट भिंतीला टेकतं, आणि तुम्ही जितक्या वेळा पाय ढकलता तितक्या वेळा घासतं.

आपल्याकडे बर्फ कुठाय, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, महाराष्ट्रातली बहुतेक मुलं चाकांवरच शिकतात. पण एका ओळीत चाकं असलेल्या इनलाइन हॉकी स्केटचा बूट आणि आइस हॉकीचा बूट एकाच घराण्यातले. वरचा भाग जवळपास तोच, फक्त खाली पात्याऐवजी चाकांची फ्रेम. चाकांवरचीच काही मुलं पुढे बर्फावर जातात. लेहमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये झालेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत महाराष्ट्राचे आइस स्केटर होते आणि त्यांनी पदकंही आणली. चाकांवर तर आपण आशियाई पातळीवर आहोत. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्य मिळवलं. पुरुषांच्या संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही दोन नावं होती. आइस हॉकीत भारतीय महिला संघानं २०२५ च्या आशिया कपमध्ये कांस्य घेतलं. त्या संघाचा कणा लडाखच्या मुली आहेत.

आता हे सगळे खेळाडू आणि बारामतीच्या क्लासमधली पोरं यांच्यात एक गोष्ट समान आहे. त्यांचा पाय त्या कडक डब्यात नीट बसला पाहिजे.

आधी बघा, बूट लहान आहे की मोठा?

दुखलं की आपण म्हणतो, बूट लहान झाला. स्केटच्या बाबतीत अनेकदा उलटं असतं.

भाचीचे स्केट्स दोन नंबर मोठे होते. का, हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा, रेनकोट वाढत्या अंगाचा, मग स्केट्सही वाढत्या अंगाचे. गणवेशाची बाही दुमडता येते. मोठ्या स्केटमध्ये मात्र पाय प्रत्येक ढकलण्याला पुढे-मागे सरकतो, टाच वर उचलली जाते आणि घासून फोड येतो. पाय सरकू नये म्हणून मूल लेस करकचून आवळतं, मग पायाच्या वरच्या बाजूला दुखायला लागतं. आणि घोट्याचं हाड बुटातल्या त्याच्यासाठीच्या खोलगट जागेत न बसता तिच्या कडेला बसतं. एक चूक आणि तीन ठिकाणी दुखणं.

माप बघायची पद्धत सोपी आहे. कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवून उभं राहा आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा, कारण दोन्ही सहसा सारखे नसतात. मोठा पाय धरायचा. मग ज्या कंपनीचा स्केट आहे तिचाच सेंटीमीटरचा तक्ता बघायचा. रोजच्या बुटाचा नंबर सांगून ऑर्डर करू नका. आइस हॉकीचे स्केट्स साधारणपणे रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतात, तर मुलांच्या साध्या इनलाइन स्केट्सचे नंबर बऱ्याचदा बुटासारखेच असतात. नंबरावर गेलात की गंडलात.

घालून बघताना लेस न बांधता पाय पुढे सरकवा, बोटं टोकाला टेकू द्या. मागे टाच आणि बूट यांच्यामध्ये एक बोट जेमतेम जात असेल तर लांबी ठीक. दोन बोटं आरामात जात असतील तर बूट मोठा आहे, पुढचा लेख वाचून उपयोग नाही. मग टाच मागे आपटून लेस बांधा. सरळ उभं राहिल्यावर बोटं टोकाला हलकी टेकलेली हवीत आणि गुडघे वाकवले की ती किंचित मागे यायला हवीत.

खोली बघायला एक पेन्सिल लागते. लेस सोडा, जीभ पुढे ओढून घ्या, आणि वरून तिसऱ्या छिद्राच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवा. ती दोन्ही कडांना टेकली तर ठीक. मध्येच पायाला अडून डुगडुगत असेल, तर तुमचा पाय त्या बुटासाठी उंच आहे. असा बूट पुढे कायम वरून दाबणार.

रुंदी हा वेगळाच विषय. बॉवर, सीसीएम यांसारख्या हॉकीच्या कंपन्या एकाच लांबीत अरुंद, मध्यम आणि रुंद असे तीन साचे देतात. आपल्याकडच्या स्वस्त स्केट्समध्ये ही सोय नसते, एकच साचा असतो. लहानपणापासून चपलेत, अनवाणी वाढलेले आपले पाय पुढून पसरट असले तर करंगळीच्या मुळाशी दुखणारच. तिथे नंबर वाढवला तर करंगळी सुटते आणि टाच घासायला लागते. लांबी वाढवून रुंदीचा प्रश्न सुटत नाही.

दुखतं नेमकं कुठे?

'घोट्याला दुखतं' एवढ्यावर काही करता येत नाही. जागा बोटाच्या पेराएवढी नेमकी सापडली पाहिजे.

स्केट पंधरा मिनिटं घाला, काढा, मोजा उतरवा आणि लगेच पाय बघा. सगळीकडे हलकी लाली असेल आणि थोड्या वेळात जात असेल तर काळजी नाही. एकाच ठिकाणी गडद लाल डाग असेल आणि अर्ध्या तासानंतरही तसाच असेल, तर ती जागा. आता त्या हाडावर लिपस्टिक लावा. लिपस्टिक नसेल तर ओलं कुंकू चालतं, फक्त अस्तराचा रंग गेला म्हणून नंतर रडू नका. मोजा न घालता पाय अलगद बुटात घाला, लेस बांधा, गुडघे दोन-चार वेळा वाकवा, पाय बाहेर काढा. अस्तरावर ठसा उमटलेला असेल. आतून त्या ठशावर बोट ठेवायचं आणि बाहेरून बरोबर तिथेच मार्करनं खूण करायची. दुकानातले जाणकारही थोड्याफार फरकानं हेच करतात.

आतल्या घोट्याच्या बाबतीत इथेच एक गोष्ट तपासून घ्या. मूल स्केट्स घालून उभं असताना मागून फोटो काढा. घोटे आत कललेले, म्हणजे चाकांचा वरचा भाग एकमेकांकडे झुकलेला दिसला, तर हाड भिंतीला टेकतंय ते पाय आत कोसळतोय म्हणून. बुटात कितीही जागा केली तरी पाय आणखी कोसळून पुन्हा टेकेल. अशा वेळी तळव्याच्या कमानीला आधार देणारा इनसोल घालून बघायचा. अनेक इनलाइन स्केट्समध्ये फ्रेम दोन बोल्टनी बसवलेली असते आणि ती बाजूला सरकवता येते. घोटे आत पडत असतील तर फ्रेम मिलिमीटरभर आतल्या बाजूला, म्हणजे अंगठ्याच्या बाजूला घ्यायची आणि बघायचं. एकदम जास्त नको. बर्फाच्या स्केटचं पातं रिबिटनं ठोकलेलं असतं, ते काम दुकानाचं.

फुकटचा उपाय: लेस

खर्च करण्याआधी लेस पूर्ण सोडा आणि नव्यानं बांधा. खालची, बोटांजवळची दोन-तीन छिद्रं सैल, कारण बोटांना आवळून काही मिळत नाही. मधली, जिथे पाय वर वळतो तिथली घट्ट. टाच मागे धरून ठेवण्याचं काम तीच करतात. अगदी वरची अशी, की गुडघा पुढे वाकवता आला पाहिजे. बहुतेक मुलं याच्या बरोबर उलटं बांधतात.

दुखरी जागा लेसच्या खाली असेल तर तिथलं छिद्र सोडून द्या. लेस त्या ठिकाणी एकमेकींना न ओलांडता आपापल्या बाजूनं सरळ वर न्यायची आणि पुढच्या छिद्रात घालायची. दिसायला विचित्र, पण पायाच्या वरच्या नसा-स्नायूबंधांवरचा दाब लगेच उतरतो. घोट्याच्या पुढच्या वाकावर जे दुखतं त्याला हॉकीवाले 'लेस बाइट' म्हणतात. त्यावर सगळ्यात वरचं छिद्र सोडणं, जीभ सरळ मध्यभागी बसवणं आणि जीभेच्या आत जेलचं पातळ पॅड ठेवणं, एवढ्यानं बऱ्याच जणांचं भागतं. जुन्या स्केटची जीभ चपटी झाली असेल तर ती बदलायला झालेली आहे.

मोजा एकच, पातळ, आणि शिवण बोटांवर न येणारा. दोन मोजे म्हणजे दोन घड्या.

मेदूवड्याचं तत्त्व

भाचीच्या घोट्यावर कापूस ठेवला तेव्हा काय झालं? आधीच जागा नव्हती, तिथे आणखी एक वस्तू आली. दाब वाढला.

याच्या उलट करायचं. फेल्टचा किंवा योगा मॅटसारख्या फोमचा पाच-सहा मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्या, मध्ये हाडापेक्षा थोडं मोठं भोक पाडा. मेदूवडा डोळ्यांसमोर आणा. हाड भोकात बसलं पाहिजे आणि भोवतीच्या मऊ भागावर दाब वाटला गेला पाहिजे. हा तुकडा पायावर वैद्यकीय टेपनं चिकटवता येतो किंवा बुटाच्या आत, लिपस्टिकच्या ठशाभोवती. आधी टेपनं तात्पुरता लावून दोन सराव करून बघा, मग पक्का चिकटवा. दोन रुपयांची वस्तू आहे, पण बूट आधीच सगळीकडून अगदी घट्ट असेल तर हिलाही जागा नसते. तेव्हा पुढचा मार्ग.

बूट गरम करून आकार देणं

चांगल्या हॉकी बुटांचं आणि स्पीड स्केट्सचं कवच उष्णतेनं मऊ होऊन पायाचा आकार घेईल असं बनवलेलं असतं. दुकानात खास ओव्हन असतो, साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास बूट काही मिनिटं तापवतात, मग पाय घालून लेस बांधून दहा-पंधरा मिनिटं बसून राहायचं. उभं राहायचं नाही, चालायचं नाही. लेस सरळ वर न ओढता बाहेरच्या दिशेनं ओढायची, नाहीतर मऊ झालेल्या बुटाची छिद्रं फाटतात. त्यानंतर एक दिवस स्केट वापरायचा नाही.

हे घरच्या ओव्हनमध्ये करू नका. मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही, बुटात धातू असतो. आणि ज्या बुटाच्या माहितीपत्रकात उष्णतेनं आकार घेणारा असं लिहिलेलं नाही, त्याला पूर्ण तापवायला जाऊ नका. स्वस्त बुटात आकार बदलायच्या आधी गोंद सुटतो.

एकाच जागेपुरतं करायचं असेल तर दुकानात चिमट्यासारखं एक अवजार असतं. एका टोकाला गोळा, दुसऱ्या टोकाला कडं. गोळा आतून खुणेवर, कडं बाहेरून, आणि मध्ये बूट दाबायचा. नेमकी तेवढीच जागा बाहेर फुगते. पुण्यामुंबईतल्या स्केटच्या दुकानांत विचारून बघा. मोरगावपासून पुणे साठ-पासष्ट किलोमीटर. पण हेच काम थोड्या वेगळ्या पद्धतीनं आपल्या जवळपास शेकडो वर्षं चालू आहे.

दाजी स्केट घेऊन गावातच चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. काकांनी आयुष्यात स्केट हातात घेतला नव्हता. चाकं फिरवून बघितली, आत हात घातला, पोरीचा पाय मांडीवर घेऊन अंगठ्यानं हाड चाचपलं आणि म्हणाले, "ह्यो बूट ल्हान न्हाई दादा. पोरीचं हाड म्होरं आलंय." मग लाकडी कलबूत काढलं, खुणेच्या जागी त्यावर चामड्याचा गोल तुकडा खिळ्यांनी ठोकून टेंगूळ तयार केलं, बुटाचा तेवढाच भाग आमच्या हेअर ड्रायरनं कोमट केला आणि कलबूत आत ठोकून रात्रभर ठेवून दिलं. गोळ्या-कड्याचंच काम, अवजार वेगळं. हे जमलं कारण बूट रेक्झिन आणि मऊ प्लास्टिकचा होता. कार्बनचा बूट असा थंडच ठोकला तर तडा जातो, तो जाणत्या माणसाकडेच न्यावा. ज्या बुटांचं आतलं अस्तर मोज्यासारखं सुटं निघतं, त्यांत बाहेरचं प्लास्टिक गरम करायच्या आधी अस्तर काढून घ्यायचं.

ड्रायरनं घरी करून बघणार असाल तर घाई नको. ड्रायर एका जागी न धरता फिरवत राहा, बूट हाताला सोसवेल इतकाच गरम होऊ द्या, जाड स्क्रूड्रायव्हरच्या गोल मुठीनं आतून दाबा आणि पूर्ण थंड होईपर्यंत दाबूनच ठेवा. गरम असताना सोडलं की बूट पुन्हा मूळ आकारात येतो. एका वेळी थोडंच. जास्त फुगवलेली जागा परत आत घेता येत नाही.

हे बुटाचं दुखणं नाही असं कधी समजायचं?

बोटं बधिर होणं किंवा मुंग्या येणं लेस सैल केल्यावरही थांबत नसेल, स्केट काढल्यावर दुसऱ्या दिवशीही दुखत असेल, सूज असेल, तर बूट बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. साधारण आठ ते चौदा वयातल्या खेळणाऱ्या मुलांची टाच दुखते, ती पुष्कळदा टाचेच्या हाडाच्या वाढीच्या जागेवर ताण आल्यानं. तिथे बूट ठोकून काही होत नाही, विश्रांती लागते. मधुमेह असलेल्या मोठ्या माणसांनी तर स्केटच्या फोडाकडेही 'होईल बरा' म्हणून बघू नये. फोड फोडायचा नाही, झाकायचा.

तळव्याच्या कमानीत पहिल्या काही आठवड्यांत येणारा पेटका मात्र बहुतेकदा नवीन स्नायूंची तक्रार असते. लेस थोडी सैल करा, सरावाच्या मध्ये पाय मोकळा करा. नवा स्केट आधी घरीच, टीव्ही बघताना, रोज पंधरा-वीस मिनिटं घालून बसा. आणि सराव झाल्यावर इनसोल काढून बूट सावलीत वाळवा. पावसाळ्यात ओलसर राहिलेलं अस्तर कातडीला आणखी घासतं. दुपारच्या उन्हात गाडीत विसरलात तर गोंद गेला म्हणून समजा.

भाचीचा घोटा कलबुतानं आणि वड्यानं सुटला. टाच मात्र सुटली नाही. जाड इनसोल घातला, टाचेच्या दोन्ही बाजूंना फोम लावला, तरी दोन नंबर मोठा बूट तो मोठाच. परत करायची मुदत कधीच संपली होती. शेवटी क्लासमधल्या एका मोठ्या मुलीचे, तिला लहान झालेले, लांबी कमी-जास्त करता येणारे जुने स्केट्स निम्म्याहून कमी किमतीत मिळाले. त्यात बटण दाबून पुढचा भाग सरकवला की तीन-चार नंबर भागतात. वाढत्या अंगाचं घ्यायचंच असेल तर ते असं घ्यावं. मोठे स्केट्स माळ्यावर आहेत. घोट्यापाशी एक टेंगूळ असलेले. दोन वर्षांनी ते तिला मापाचे होतील, तोवर त्या टेंगळाची जागा हाडाच्या जागेवर येते का ते पुन्हा लिपस्टिक लावून बघावं लागेल.